आडबंदरच्या खुनाचं हत्यार

आमच्या आडबंदर गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, एसटी दिवसातून दोनदा येते आणि डॉक्टर गुरुवारी येतो, तोही आठवण राहिली तर. जिल्ह्यातली इतर गावं पाहुण्यांना काही ना काही दाखवतात. धामापूरवाल्यांकडे तलाव आहे, शिरोड्याला वाळू आहे. आमच्याकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट आहे. आमच्याकडे राजकीय हत्या आहे.

सत्त्याण्णव साली, जिल्हा परिषदेच्या मतदानाला आठ दिवस उरले असताना, आमचे उमेदवार गुरुदास वायंगणकर ऊर्फ भाऊ हे मिंगेल फर्नांडिसच्या माडांच्या बागेत सकाळी मरून पडलेले सापडले. डोक्यावर एकच घाव होता, वरून खाली. खुनी सापडला नाही, हत्यार सापडलं नाही, खटलाही उभा राहिला नाही. अमेरिकेत एक राष्ट्राध्यक्ष गोळी लागून गेला, त्याचा वाद अजून चालू आहे म्हणतात. चालू राहणारच, तिकडे माणसं कोट्यवधी आहेत. आम्ही आठशेच आहोत, तरी निष्कर्षांच्या बाबतीत आम्ही कुणाला हार जाणार नाही.

खाणवाल्यांनी मारलं, वाळूवाल्यांनी मारलं, ट्रॉलरवाल्यांनी मारलं, स्वतःच्याच पक्षाने काटा काढला, हे सगळं शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. त्या आठवड्यात किनाऱ्यावर एक गोरं जोडपं तंबू ठोकून राहिलं होतं, ते परदेशी हेर होते असं मानणारा एक गट आहे. हेरांनी सातासमुद्रापलीकडून येऊन जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला का मारावं, असं विचारलं की ते डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "थयच तर मेख आसा!" घाव वरून आहे म्हणून मारेकरी सात फुटांचा असणार, असं परशुराम गावकराचं मत. परशुराम म्हणजे आमच्या रवळनाथाच्या देवळातला मानकरी, गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्या घराकडे. स्वतः जेमतेम पाच फूट, त्यामुळे त्याच्यावर संशय येण्याचा प्रश्नच नव्हता. पंचनाम्यात 'पायजम्याची नाडी सुटलेली' असं एक वाक्य आहे. त्या नाडीवर गावातल्या दोन पिढ्या जगल्या. आणि एका गटाच्या मते भाऊ मेलेलेच नाहीत, त्यांना बांद्याच्या आठवडा बाजारात दाढी वाढवून भजी खाताना पाहिलेले तीन साक्षीदार आहेत.

पण कुठूनही सुरुवात करा, प्रत्येक निष्कर्ष येऊन थांबतो तो मिंगेलच्याच दारात. कारण भाऊंना आदल्या रात्री जेवायला मिंगेलने बोलावलं होतं. किरिस्तांव वाडीतली मतं भाऊंना हवी होती, आणि मिंगेलची बायको एस्पेरांसा करायची तसं सुंगटाचं म्हणजे कोळंबीचं तिखलं तालुक्यात कुठे मिळायचं नाही. भाऊ पोटभर जेवले, थोडे प्यायले, पडवीत झोपले आणि पहाटे उठून बागेत गेले. हेर असोत नाहीतर खाणवाले असोत, दार आतून उघडून दिलं ते मिंगेलने, यावर सर्व गटांचं एकमत आहे. आमच्या गावात एकमत इतकं दुर्मिळ आहे की झालं की ते आम्ही सोडत नाही.

मी किशोरी मांजरेकर. इथल्याच शाळेत एकोणतीस वर्षं शिकवलं, गेल्या वर्षी निवृत्त झाले. गावातले सगळे अर्ज मीच लिहिते, कारण कचेरीत चालेल असं मराठी गावात माझ्याइतकं कुणाला येत नाही. म्हणून गेल्या महिन्यात मिंगेल माझ्याकडे आला. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. फाटकाबाहेरच उभा राहिला. आत ये म्हणेपर्यंत कुणाच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, ही सवय त्याला गावाने लावलेली.

"बाय, एक अर्ज लिवन दी गो," तो म्हणाला. "तुझ्या शुद्ध भाषेत. माझी भाषा तेंका कळता, पण चलना नाय."

भाऊंचा मुलगा सुशांत आमचा सरपंच आहे. बाप गेला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. हुतात्म्याचा मुलगा म्हणून तो आजवर एकाही निवडणुकीत पडलेला नाही. त्याने यंदा बापाचं स्मृतिस्थळ मंजूर करून आणलं होतं. काळा दगड, त्यावर सोनेरी अक्षरं: 'हुतात्मा गुरुदास (भाऊ) वायंगणकर यांची याच ठिकाणी विश्वासघाताने हत्या झाली.' आणि हा दगड बसणार होता मिंगेलच्या फाटकाला लागून, रस्त्याच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा.

"दगड लावतत, लावंदेत," मिंगेल म्हणाला. "भाऊ माझ्या बागेत मेलो, ता काय खोटा नाय. पण तो शब्द नको. मी आज आसंय, उद्या नाय. मगे तो दगडच बोलत रवतलो. मिंगेलान जेवक घातल्यान ता खरां, पण मारूक नाय, ह्या कोण सांगतलो?"

मी वही काढली. 'मा. सरपंच, ग्रामपंचायत आडबंदर' इतकं लिहिलं. 'विषय' लिहिलं. आणि पेन थांबलं.

"काय झाला?" मिंगेलने विचारलं.

"चष्मो बदलूक होयो," मी म्हटलं.

चष्म्याला काही झालेलं नव्हतं. मिंगेलने मारलं नाही, हे मला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. थोडं जास्तच, कारण कुणी मारलं तेही मला ठाऊक होतं.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पहाटे रापण ओढतात तिथे गेलं की ताजे मासे मिळतात, म्हणून पिशवी घेऊन पाणंदीने निघाले होते. मिंगेलची बाग उतारावर आहे आणि तिच्या पडक्या दगडी गडग्याखालून ही पाणंद जाते. जरा उजाडत होतं. पाणंदीच्या मधोमध एक नारळ पडला होता. चांगला मोठा, सोडणासकट. वर बागेत बघितलं, कुणी दिसलं नाही. गडग्याआड मला काय दिसणार! मी तो उचलून पिशवीत टाकला. मुलांना 'दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये' हा धडा मी आदल्याच दिवशी शिकवला होता, पण मुलांना शिकवलेलं रापणीच्या वाटेवर कुणाला आठवतं?

घरी येऊन नारळ सोलला. सोडणाला एका बाजूला काहीतरी काळं आणि चिकट लागलं होतं, दोन-चार केसही होते. मला वाटलं, घुशीने कुरतडला असेल. सोडण न्हाणीघरातल्या चुलीत घातलं, पाणी तापवलं, आंघोळ करून शाळेत गेले. दुसऱ्या तासाला बातमी आली. भाऊ केसांना कलप लावायचे आणि त्यावर चमेलीचं तेल. त्या दिवशी सकाळपासून माझ्या हाताला चमेलीचा वास येत होता आणि मी विचार करत होते, हा कुठला नवीन साबण.

आता तुम्ही म्हणाल, नारळ डोक्यात पडून माणूस मेला, इतकं साधं कुणाला कसं सुचलं नाही? सुचलं होतं की. फौजदाराला सुचलं होतं. तो कोल्हापूरकडचा होता. पहिल्याच दिवशी वर बघून त्याने विचारलं, "नारळ पडला असेल काय हो?" जमलेल्या शे-दीडशे माणसांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने भाऊंच्या आईवरून शिवी दिली असती तरी इतकं बघितलं नसतं. आमच्याकडे माड कुणाला मारत नाही. नारळाला तीन डोळे असतात, तो खाली बघतो आणि मगच पडतो. आमच्या बायका माडाखाली भांडी घासतात, लहान मुलांना माडाखाली पाळण्यात निजवतात. ज्याच्या पदरी फार मोठं पाप आहे त्याच्याच डोक्यात नारळ पडेल. म्हणजे फौजदाराने भाऊंना पापी म्हटलं! उमेदवाराला! मतदानाला आठ दिवस असताना! दुपारपर्यंत चौकीवर मोर्चा गेला.

शिवाय नारळ पडला म्हणावं तर तो नारळ कुठे होता? फौजदाराने बागभर शोधला, मिळाला नाही. मिळणार कसा! तो उतारावरून घरंगळत पाणंदीत आला होता आणि तिथून माझ्या पिशवीत. आणि उरलेलं काम मिंगेलने स्वतः केलं. तो छाती पुढे काढून म्हणाला, "माझ्या बागेत पाडप कालच झाला, सायबा. माझो पाडेली एक नारळ मागे ठेवना नाय." पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. त्याने तोडलेला एखादा नारळ वर झावळ्यांत अडकून राहिला असेल, हे बागाईतदार म्हणून मिंगेलला कबूल करवेना. स्वतःच्या सुटकेचा एकुलता एक रस्ता त्याने अभिमानाने बुजवला. संध्याकाळी त्याला चौकीत नेऊन बसवलं.

माझ्या घरात तो सोललेला नारळ होता. ठेवायची भीती वाटत होती. खायची शिसारी येत होती. आणि फेकायचा म्हटलं तर नारळ कुणी फेकतं का? तिसऱ्या दिवशी रवळनाथाला गावाचं गाऱ्हाणं होतं, घरटी एक नारळ घेऊन यायचं होतं. मी तोच नेला.

परशुरामाने गाऱ्हाणं घातलं. आवाज त्याचा तेव्हा काय होता! "बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरां तुझ्या पायरीर उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"जेणा कोणा आमच्या भाऊचो जीव घेतल्यान, तो दर्यापार गेलो आसलो तरी तेका तुझ्या पायाकडे हजर कर!"

"व्हय म्हाराजा!"

देवाने हजर केलेलाच होता. एकशे सत्तावीस नारळांच्या ढिगात डावीकडून तिसरा. परशुरामाने एकेक करत सगळे फोडले, खोबऱ्याची शेरणी वाटली आणि अख्ख्या गावाने खुनी चावून खाल्ला. मीही तोंडात तुकडा धरून उभी होते, गिळता येईना आणि थुंकता येईना. मिंगेलला तेवढी शेरणी मिळाली नाही. तो चौकीत होता.

दोन दिवसांनी त्याला सोडलं. पुरावाच नव्हता. पण त्यानंतर त्याच्या घरी कुणी पाण्याचा थेंब घेतला नाही. त्याआधी नाताळात अर्धा गाव तिथे दोदोलच्या वड्या खायला असायचा. त्या वर्षी एस्पेरांसाने बारा कप मांडले आणि बारा कप उचलून ठेवले. पुढल्या वर्षीही मांडले. ती नऊ वर्षांपूर्वी गेली, तेव्हा तिच्या मयताला गावातली तीन माणसं होती. मी गेले नाही. शाळेला सुट्टी नाही असं मी घरात सांगितलं होतं. रविवार होता.

मी का बोलले नाही? आधी नोकरीची भीती. चोरी करणाऱ्या मास्तरणीला कायम कोण करतं? मग पुरावा जाळल्याची भीती. मग नुसतीच लाज, आणि लाजेचं असं असतं की जितके दिवस ठेवावी तितकी ती मुरते. मी गप्प बसले, माझी पेन्शन सुरू झाली आणि मिंगेल फाटकाबाहेर उभा राहायला शिकला. याचा मला राग येतो. गावाचा येतो, पण जास्त माझाच येतो.

मिंगेलला म्हटलं, "अर्ज नको. ग्रामसभेत मी बोलतंय."

ग्रामसभा शाळेच्या वर्गात होती, म्हणजे माझ्याच वर्गात. सत्तर-ऐंशी माणसं आली होती. सुशांत टेबलामागे, परशुराम पहिल्या बाकावर, मिंगेल दाराबाहेर. आणि फळ्याजवळ कॅमेरा लावून समीक्षा. ही कुडाळची मुलगी, 'कोकणातली न उलगडलेली कोडी' नावाचं यूट्यूब चॅनल चालवते. आमच्या खुनावर तिचे सात भाग झाले होते. नाडीवर स्वतंत्र भाग होता.

सुशांत कचेरीच्या मराठीत म्हणाला, "विषय क्रमांक चार, स्मृतिस्थळ. कोणाची हरकत असल्यास मांडावी."

मी उठले आणि सगळं सांगितलं. पिशवी, पाणंद, सोडण, केस, कलप, चमेलीचं तेल, गाऱ्हाण्यातला ढीग, डावीकडून तिसरा. एकही गोष्ट गाळली नाही. शेवटी म्हटलं, "भाऊंना कोणीही मारलेलं नाही. नारळ पडला. तो नारळ मी चोरला. मिंगेलकाकांचा यात काडीचा दोष नाही. मी अठ्ठावीस वर्षं गप्प बसले, त्याबद्दल मी त्यांची आणि गावाची माफी मागते." आणि बसले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. मला वाटलं, आता लोक मिंगेलला आत बोलावतील.

मग परशुराम उठला.

"म्हणजे भाऊ पापी होतो, असा तुमचा म्हणणा आसा, बाई?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"नारळ पापी माणसाच्याच डोक्यार पडता."

"नारळ कोणाच्याही डोक्यार पडता रे मेल्या!" कचेरीचं मराठी माझ्याकडूनच सुटलं. "नारळाक काय जातपात, पाप-पुण्य कळता?"

हे फारच झालं. मागून आवाज आला, "सोडाण खंय आसा तां?" जाळलं, मी सांगितलं. "पुरावो जाळलो!" "किती वाजता गेल्लीस पाणंदीन?" साडेपाच. "मास्तरीण साडेपाचाक एकटी कित्याक गेली?" माशांना. "मासे खंय आसत?" मासे कुठे आहेत! अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे बांगडे मी पुरावा म्हणून ठेवायला हवे होते.

सुशांतचा चेहरा पडला होता आणि त्या क्षणी मला त्याची खरंच दया आली. बाप खाणमाफियाशी लढताना गेला, या वाक्यावर तो लहानाचा मोठा झाला. बाप पहाटे नाडी सोडून माडाखाली उभा होता आणि वरून नारळ आला, या वाक्यावर कुणी निवडून येत नाही. पण समीक्षाने कॅमेरा माझ्याकडे वळवला, गोड आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही नोकरीत कायम कधी झालात?"

"जून सत्त्याण्णवला," मी म्हटलं. प्रामाणिकपणाची सवय त्या दिवशी नवीनच लागली होती.

"म्हणजे हत्येनंतर चारच महिन्यांनी," ती कॅमेऱ्याला म्हणाली.

आठ दिवसांत भाग आठवा आला: 'मास्तरणीच्या पिशवीत काय होतं?' माझे यजमान एसटीत कंडक्टर होते. त्यांची त्याच वर्षी मे महिन्यात मालवणला बदली झाली होती, हे तिने शोधून काढलं. ती बदली कुणी केली? यजमान जाऊन सहा वर्षं झाली, ते सांगायला येणार नव्हते, आणि तेही संशयास्पद ठरलं. सोडणासकट नारळाने माणूस मारता येतो का, याचं प्रात्यक्षिक एका कलिंगडावर झालं. सात फुटांचा मारेकरी आपोआप रद्द झाला, कारण बाई गडग्यावर उभ्या राहिल्या असणार, असं परशुरामानेच सांगितलं. कलिंगड फुटलं होतं, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. शिवाय भाऊ पापी ठरत नव्हते, हे सर्वांत महत्त्वाचं. नारळ पडला नव्हता, मारला होता. गाव इतकं सुखावलं, की हेरांचा गट आणि ट्रॉलरवाल्यांचा गट पहिल्यांदाच एका बाजूला बसले.

मी चिडले, ओरडले, दोघा-चौघांशी बोलणं सोडलं. माझ्याच विद्यार्थ्यांनी मला बघून रस्ता बदलला. त्यांना मी पाढे शिकवले होते, तर्क शिकवायचा राहून गेला.

राहिला दगड. तो कोरून तयार होता, अक्षरं खोडता येत नव्हती. सुशांतने तोडगा काढला. खुनाचं हत्यार पाणंदीत सापडलं, आरोपीनेच भर सभेत तसं सांगितलं, तेव्हा खरं घटनास्थळ पाणंद. पाणंद येऊन मिळते ती माझ्या फाटकासमोर. गेल्या सोमवारी नारळ फोडून दगड तिथे बसवला. 'याच ठिकाणी विश्वासघाताने.' मी ओटीवरून बघत होते. फोडलेल्या नारळाचा तुकडा मला कुणी दिला नाही.

काल संध्याकाळी मिंगेल आला. तोच पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत पाच सोललेले नारळ. फाटकाबाहेर थांबला नाही, सरळ अंगणात आला आणि माडाखालच्या बाकड्यावर बसला.

"दगड बरो दिसता हयसर," तो म्हणाला.

"तुका बरो दिसतलोच."

तो हसला. त्याला इतकं मोकळं हसताना मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. "काल परशुराम इलो माझ्याकडे. बसलो, चाय पिवन गेलो. सुशांत इलो. म्हणता, काका, आमचा चुकला. एस्पेरांसाचे कप काडलंय, बाय. बारा होते. एक फुटलो, अकरा रवले."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दगड माझ्या दारात होता, तरी त्या अकरा कपांचं मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

मिंगेल जरा पुढे वाकला. इकडेतिकडे बघितलं. "बाय, एक विचारू? तू माझ्यासाठी इतक्या केलंस. मी कोणाक सांगूचंय नाय, पाद्रीकसुद्धा नाय. पण माका तरी खरां सांग. भाऊक कित्याक मारलंस?"

"मिंगेलकाका, मी मारूक नाय! नारळ पडलो! तुझ्याच माडाचो नारळ, तुझ्या पाडेल्यान वर इसरलेलो!"

"माझो पाडेली इसरना नाय," तो शांतपणे म्हणाला. "आणि नारळ असो कोणाच्या डोक्यार..."

धप्पकन आवाज झाला. माझ्या माडाचा एक भलामोठा नारळ बाकड्यापासून हातभर अंतरावर पडला आणि घरंगळत उघड्या फाटकातून जाऊन दगडाला लागून थांबला. मिंगेलची टोपी वाऱ्याने हलली म्हणाल तर हलली. मी जागच्या जागी उडाले. मिंगेलने सावकाश वर बघितलं, कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर बोटं टेकून खूण केली आणि माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर नुसतं समाधान.

"बघलंस?" तो म्हणाला. "माका बघल्यान आणि बाजूक पडलो. तेका दिसता गो, बाय. आता तरी सांग."

मी हरले. या गावात मी एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं. "चाय ठेवू?" मी विचारलं.

"ठेव. साखर वायच जास्त घाल."

चहा ठेवताना माझ्या लक्षात आलं आणि हातातला डबा तसाच राहिला. हा माणूस निर्दोष आहे, हे अठ्ठावीस वर्षं मला एकटीला ठाऊक होतं, आणि तेवढ्या वर्षांत मी त्याच्या घरी चहाचा एक घोट घेतलेला नव्हता. मी खुनी आहे, अशी त्याची पक्की खात्री होती आणि तो बाहेर बाकड्यावर बसून माझ्या चहाची वाट बघत होता.

मी कप नेऊन दिला. त्याने बशीत ओतून, फुंकर मारून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग कप पुढे केला.

"अर्धो आजून आसात काय गो?"

मी परत आधण ठेवलं.